वलय आणि मज्जा

रसायनशास्त्राच्या पुस्तकात बेन्झीन भेटते ते एका षटकोनाच्या रूपात. सहा कार्बन, सहा हायड्रोजन, मधे एक वर्तुळ, आणि त्यापुढे अभिक्रियांची लांबलचक मालिका. वैद्यकाच्या पुस्तकात तेच बेन्झीन अस्थिमज्जेचे विष म्हणून येते आणि तिथे षटकोनाचा उल्लेखही नसतो. त्यामुळे विज्ञानाची पदवी घेऊन प्रयोगशाळेत शिरणाऱ्या विद्यार्थ्याला बेन्झीनचे नायट्रीकरण तोंडपाठ असते, पण हे द्रव हातावर सांडले तर त्वचेतूनही आत जाते हे त्याला कुणी सांगितलेले नसते. उलट कामगारांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरला बेन्झीन धोक्याचे आणि त्याच्याच जातकुळीतले टोल्युईन त्या मानाने सौम्य, एवढे ठाऊक असते. ते तसे का, हे सांगता येत नाही. ही फाळणी चुकीची आहे, हीच या पुस्तकामागची भूमिका. बेन्झीनच्या रेणूचा जो गुण उद्योगाला मोलाचा वाटला, नेमका तोच शरीराला झेपत नाही. म्हणून रचना आणि विषबाधा हे दोन विषय नव्हेत. पहिला नीट कळला की दुसरा त्यातूनच उलगडतो.

सुरुवात रचनेपासून करायला हवी. १८२५ मध्ये लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी दिव्याच्या गॅसच्या टाक्यांत तळाशी साचणाऱ्या तेलकट द्रवातून हा पदार्थ वेगळा केला. पुढे आयलहार्ड मिचरलिख यांनी तो बेन्झोइक आम्लापासून मिळवला आणि १८४५ मध्ये हॉफमान यांना तो डांबरात सापडला. हॉफमान यांचे शिष्य चार्ल्स मॅन्सफील्ड यांनी डांबरापासून तो मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत बसवली आणि १८५५ मध्ये ऊर्ध्वपातनाच्या वेळी लागलेल्या आगीत भाजून ते गेले. पदार्थ हाती होता, त्याचे घटकही मोजून झाले होते, पण हिशेब जमत नव्हता. सहा कार्बनना पुरते हायड्रोजन मिळाले तर चौदा हवेत, इथे सहाच. इतका अतृप्त पदार्थ ब्रोमीनवर तुटून पडायला हवा. इथिलीन ब्रोमीनच्या पाण्याचा तांबूस रंग पाहता पाहता घालवते. बेन्झीन त्याच पाण्यात हलवले तर ब्रोमीन पाण्यातून निघून बेन्झीनच्या थरात विरघळते, थर तांबूस होतो आणि तसाच राहतो. अभिक्रिया घडवायचीच असेल तर लोहाच्या क्षारासारखा उत्प्रेरक लागतो, आणि तेव्हाही ब्रोमीन वलयात भर म्हणून शिरत नाही. एका हायड्रोजनला बाहेर काढून त्याची जागा घेते. वलय शाबूत राहते.

१८६५ मध्ये आउगुस्ट केकुले यांनी मांडलेले सहा कार्बनचे बंद कडे हे या कोड्याचे अर्धे उत्तर होते. अर्धे अशासाठी की त्यांनी कड्यात एकाआड एक दुहेरी बंध दाखवले होते, आणि लाडेनबुर्ग यांनी लगेच नेमकी अडचण काढली. बंध खरोखर एकाआड एक असतील तर शेजारशेजारच्या दोन कार्बनांवर दोन क्लोरीन बसवलेल्या पदार्थाचे दोन प्रकार मिळायला हवेत: एकात त्या कार्बनांमध्ये दुहेरी बंध, दुसऱ्यात एकेरी. प्रत्यक्षात प्रकार एकच मिळतो. केकुले यांनी १८७२ मध्ये दुहेरी बंध सतत जागा बदलतात असे उत्तर दिले. ते पूर्ण बरोबर नव्हते, पण दिशा बरोबर होती. खरा निकाल लागायला आणखी अर्धे शतक जावे लागले. १९२९ मध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी लीड्स येथे क्ष-किरणांच्या साहाय्याने हेक्झामिथिल बेन्झीनच्या स्फटिकाचा अभ्यास केला आणि वलय सपाट असून त्याच्या सहाही बाजू सारख्या आहेत हे दाखवले. कार्बन-कार्बनमधला एकेरी बंध सुमारे ०.१५४ नॅनोमीटरचा, दुहेरी ०.१३४ चा, बेन्झीनमधला प्रत्येक बंध ०.१३९ च्या आसपास, म्हणजे ना एकेरी ना दुहेरी. पुढे पॉलिंग आणि ह्युकेल यांच्या सिद्धांतांनी याचा अर्थ लावला. सहा इलेक्ट्रॉन कुठल्याही दोन अणूंच्या मालकीचे नसून साऱ्या वलयाच्या वर आणि खाली पसरलेले असतात. केकुले यांना पडलेल्या सापाच्या स्वप्नाची गोष्ट जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. ती त्यांनी स्वतः पंचवीस वर्षांनंतर, १८९० च्या बर्लिनमधल्या सत्कारसमारंभात सांगितली. त्या गोष्टीपेक्षा लाडेनबुर्ग यांचा आक्षेप आणि लॉन्सडेल यांचा स्फटिक विद्यार्थ्याला कितीतरी जास्त शिकवून जातात, असे माझे मत आहे.

इलेक्ट्रॉन असे पसरण्याचे मोल ऊर्जेत मोजता येते, आणि पुढच्या साऱ्या विवेचनाचा पाया ही मोजणीच आहे. सहा कार्बनच्या वलयात एकच दुहेरी बंध असलेल्या सायक्लोहेक्झीनला हायड्रोजन जोडला की दर मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तीन दुहेरी बंध असतील तर ३६० बाहेर पडावी. बेन्झीनच्या बाबतीत फक्त २०८ च्या आसपास पडते. उरलेली सुमारे १५० किलोज्यूल ऊर्जा बेन्झीनपाशी आधीच कमी आहे, म्हणजे तो रेणू तेवढा अधिक स्थिर आहे. ही स्थिरता मोडून वलयात काही शिरवणे महागात पडते. म्हणून वलय टिकते आणि त्याच्या कडेचे हायड्रोजन तेवढे बदलतात. स्टायरीन, फिनॉल, अॅनिलीन, नायलॉनचा कच्चा माल, रंग, औषधे, असा गेल्या दीडशे वर्षांतला केवढा तरी रसायनउद्योग या एका हट्टीपणावर उभा आहे. बेन्झीन ८० अंश सेल्सिअसला उकळते, ५.५ अंशांना गोठते, तेल, मेण, रबर सहज विरघळवते आणि स्वतः मात्र बदलत नाही. द्रावक म्हणून याहून सोयीचे काय असणार?

आता हाच रेणू श्वासातून शरीरात गेला की काय होते ते पाहू. आत आलेल्या बेन्झीनपैकी साधारण निम्मे उच्छ्वासाबरोबर बाहेर जाते, उरलेले रक्तात आणि चरबीत शिरते. पाण्यात फारसे न विरघळणारा परका पदार्थ बाहेर टाकण्याची शरीराची रीत ठरलेली आहे: यकृतातली विकरे त्याला ऑक्सिजन जोडतात, तो पाण्यात विरघळेल असा करतात आणि मूत्रावाटे काढून टाकतात. टोल्युईन म्हणजे एका हायड्रोजनच्या जागी मिथिल गट आलेले बेन्झीन. विकरे त्या मिथिल गटावरच काम करतात, त्यातून बेन्झोइक आम्ल बनते, ते ग्लायसीनशी जोडले जाऊन हिप्युरिक आम्ल होऊन बाहेर पडते, आणि बहुतेक वेळा वलयाला हात लावावा लागत नाही. बेन्झीनला असा गटच नाही. बिनकानांचे पातेले चुलीवरून उतरवायचे तर सांडशीने त्याचा काठच पकडावा लागतो. तसे यकृताला बेन्झीनच्या वलयावरच ऑक्सिजन घालावा लागतो. त्यातून बेन्झीन ऑक्साइड बनते, त्यापासून फिनॉल, पुढे हायड्रोक्विनोन आणि कॅटेकॉल. काही रेणूंत वलय फुटून म्युकोनाल्डिहाइड नावाचा अतिशय क्रियाशील पदार्थ तयार होतो. यातले काही पदार्थ रक्तातून अस्थिमज्जेत पोचतात. तिथल्या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज हे विकर मुबलक असते. जंतूंचा नाश करण्यासाठी असलेले ते विकर हायड्रोक्विनोनचे बेन्झोक्विनोन करते, आणि ते बेन्झोक्विनोन पेशीतल्या प्रथिनांना जखडून गुणसूत्रे तोडते. रक्ताच्या सगळ्या पेशी जिथे जन्मतात तिथेच हा घाव बसतो. म्हणून आधी पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका कमी होतात, मग मज्जा सुकत जाते, आणि काहींच्या बाबतीत बिघडलेली एखादी पेशी बेफाम वाढून रक्ताचा कर्करोग होतो. स्थिर रेणू निरुपद्रवी असावा, ही सहज वाटणारी समजूत इथे उलटी पडते. बेन्झीन स्वतः फारसे काही करत नाही; त्याला मोडण्याच्या प्रयत्नात शरीर जे घडवते ते घातक ठरते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हे वलय अॅस्पिरिनमध्ये आहे, पॅरासिटामॉलमध्ये आहे, आपल्या अन्नातल्या फेनिलअॅलनिनमध्येही आहे. मग वलयाला दोषी कसे धरायचे? वलय दोषी नाहीच. दोष उघड्या वलयाचा आहे, ज्याला विकरांनी धरावे असे काहीही जोडलेले नाही. अॅस्पिरिनला आम्लाचा गट आहे, पॅरासिटामॉलला हायड्रॉक्सिल आहे, फेनिलअॅलनिनसाठी तर शरीराने स्वतःची खास विकरे राखली आहेत. 'केमिकल' म्हटले की सगळे सारखेच वाईट, असे मानणाऱ्यांना जसे हे उत्तर आहे, तसेच 'सगळीकडेच बेन्झीन असते, काही होत नाही' म्हणणाऱ्यांनाही आहे. एका मिथिल गटाने केवढा फरक पडतो हे ज्याने पाहिले तो रसायनांविषयी सरसकट बोलणार नाही. टोल्युईनही निर्दोष नाही, ते मज्जासंस्थेला बाधते. पण अस्थिमज्जेचा हा विशिष्ट घात बेन्झीनचाच.

शरीरातला हा मार्ग उमगायला विसावे शतक सरत आले. घात होतो हे मात्र त्याच्या फार आधी दिसले होते, आणि या पुस्तकातला सर्वांत दुःखद भाग तोच आहे. १८९७ मध्ये स्वीडनमध्ये सांतेसोन यांनी सायकलचे टायर बनवणाऱ्या कारखान्यातल्या तरुण स्त्रियांचे मृत्यू नोंदवले. रबर विरघळवायला बेन्झीन वापरले जात होते. त्या स्त्रियांची मज्जा निकामी झाली होती, अंगावर रक्तस्रावाचे डाग होते. १९२२ मध्ये अमेरिकेत अॅलिस हॅमिल्टन यांनी उद्योगांतल्या बेन्झीनच्या वाढत्या धोक्याविषयी स्पष्ट शब्दांत लिहिले. १९२८ मध्ये फ्रान्समधून बेन्झीन हाताळणाऱ्या कामगाराच्या रक्ताच्या कर्करोगाची नोंद आली. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या तेलकंपन्यांच्या संघटनेनेच तयार करवून घेतलेल्या अहवालात बेन्झीनची पूर्णपणे सुरक्षित पातळी शून्यच मानली जाते, अशा अर्थाचे विधान होते. आणि तरीही इस्तंबूलच्या चपला-बूट बनवणाऱ्या छोट्या कोंदट खोल्यांत १९५५ नंतर पूर्वीच्या चिकटद्रव्यांऐवजी बेन्झीनची स्वस्त चिकटद्रव्ये आली. डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी त्या कारागिरांचे रक्त तपासले आणि १९७४ मध्ये अशा कामगारांतल्या रक्ताच्या कर्करोगाच्या २६ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. बेन्झीनचा वापर हटत गेला तसे तिथले नवे रुग्णही कमी होत गेले. १९७७ मध्ये इन्फान्टे आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या रबरपटल बनवणाऱ्या कामगारांच्या नोंदी तपासून तोच निष्कर्ष आकडेशास्त्राच्या भाषेत मांडला. टायर कारखान्यातल्या त्या स्त्रियांपासून इथपर्यंत ऐंशी वर्षे गेली होती.

यावर असे म्हटले जाते की विज्ञान सावकाश चालते, पुरेसा पुरावा येईपर्यंत उद्योगाला दोष देता येत नाही. मला हे पटत नाही, आणि याचे कारण अमेरिकेतल्याच एका खटल्यात आहे. तिथे कामाच्या जागेतल्या हवेत बेन्झीनची मर्यादा दहा लाख भागांत दहा भाग होती. सरकारी यंत्रणेने ती एक भागावर आणली. उद्योगांनी न्यायालयात धाव घेतली आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवा नियम रद्द ठरवला: इतक्या खालच्या पातळीवर जोखीम लक्षणीय आहे हे यंत्रणेने आधी दाखवायला हवे होते, असे मुख्य निकालपत्राचे म्हणणे होते. अखेर एक भागाची मर्यादा आली ती १९८७ मध्ये. न्यायालयाने मागितलेला पुरावा तत्त्वतः अवाजवी नव्हता. पण तो पुरावा कशातून येणार होता? दहा भागांत काम करणाऱ्यांच्या रक्तातूनच. म्हणजे शंकेचा फायदा पदार्थाला मिळाला आणि तिची किंमत कामगारांनी मोजली. पुढे २००४ मध्ये चीनमधल्या तिआनजिनच्या पादत्राण कामगारांच्या अभ्यासात असे दिसले की दहा लाखांत एका भागाहून कमी बेन्झीन असलेल्या हवेतही पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका घटतात. मात्रेवरच विष ठरते हे जुने सूत्र इथे खोटे ठरत नाही, पण त्याचा आधार घेऊन अमुक मात्रेखाली धोका नाही असे म्हणता येत नाही. गुणसूत्र तोडणाऱ्या पदार्थाच्या बाबतीत मात्रा घटली की जोखीम घटते. ती शून्य होते अशी खात्री कुणी देऊ शकलेले नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनाही हवेतल्या बेन्झीनची सुरक्षित पातळी सांगत नाही. शिवाय बेन्झोक्विनोनला पुन्हा निरुपद्रवी करणारे एक विकर काही माणसांत जन्मतःच निष्क्रिय असते. सरासरी कामगारासाठी ठरवलेली मर्यादा त्यांना राखत नाही.

दुसरे म्हणणे व्यवहाराचे आहे: बेन्झीनवाचून उद्योग चालणार नाही. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केलेल्या असतात. कच्चा माल म्हणून बेन्झीन बंद पात्रांत, बंद नळांतून वापरले जाते आणि तिथे ते दुसऱ्या पदार्थात रूपांतरित होते. त्याला आज सहज पर्याय नाही, आणि गळती रोखली तर ते हाताळताही येते. द्रावक म्हणून वापरलेले बेन्झीन मात्र शेवटी सगळे हवेतच जाते, कारण उडून जाणे हेच तिथे त्याचे काम असते. तिथे पर्याय होते आणि आहेत. इटलीने १९६३ मध्येच चिकटद्रव्ये आणि शाईंमधल्या बेन्झीनवर कायद्याने बंधन घातले आणि तिथला चर्मोद्योग काही बुडाला नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा बेन्झीनविषयीचा करार १९७१ चा. बंदिस्त पद्धतीखेरीज द्रावक म्हणून बेन्झीनचा वापर थांबवावा आणि गरोदर स्त्रिया, स्तनदा माता व अठरा वर्षांखालील मुले यांना त्या कामापासून दूर ठेवावे, असा त्याचा रोख आहे. भारताने तो १९९१ मध्ये स्वीकारला.

कारखान्याबाहेरचा प्रश्न पेट्रोलचा. शिसे काढून टाकल्यावर पेट्रोलचा ऑक्टेन अंक राखायला अशा वलयी संयुगांचा आधार घेतला जातो, म्हणून एका विषाची जागा दुसऱ्याने घेऊ नये यासाठी बेन्झीनलाही मर्यादा हवी. आज आपल्या पेट्रोलमध्ये ते आकारमानाने एक टक्क्याहून जास्त चालत नाही. बाहेरच्या हवेसाठी २००९ च्या राष्ट्रीय मानकांत वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. दहा लाखांत एक भाग म्हणजे घनमीटरला सुमारे ३,२०० मायक्रोग्रॅम, हे ध्यानात घेतले तर कामाच्या जागी चालवून घेतलेली हवा आणि रस्त्यावर चालवून घेतलेली हवा यांत सहाशेपटींहून अधिक अंतर असू शकते हे दिसते. आठ तास आणि चोवीस तास यांच्या फरकाने हे अंतर भरून निघत नाही. मुंबईत माहुल, आंबापाडा, चेंबूर या तेलशुद्धीकरण आणि रसायनसाठ्यांच्या पट्ट्यातल्या रहिवाशांनी बाष्पनशील कार्बनी संयुगांविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला. धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र हवेचा हिशेब मागे पडतो. त्यांच्या शरीरात जाणाऱ्या बेन्झीनचा मोठा वाटा सिगारेटच्या धुराचाच असतो.

या सगळ्यात सर्वांत कमी लक्ष जाते ते छोट्या कामठाण्यांकडे. पायताणांचे तळ चिकटवणारे, सोफ्याचे फोम लावणारे, छपाईची यंत्रे पुसणारे, रंग पातळ करणारे हात दिवसभर 'सोल्युशन' आणि 'थिनर' हाताळतात. डब्यावर घटक लिहिलेले असतातच असे नाही, आणि वासावर भिस्त ठेवता येत नाही, कारण बेन्झीनचा वास जाणवू लागतो तोवर एक भागाची मर्यादा सहसा ओलांडली गेलेली असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तिसऱ्या अनुसूचीत बेन्झीनची विषबाधा हा कळवणे बंधनकारक असलेला रोग ठरवला. पण त्या कायद्याने वीज वापरणाऱ्या जागी सर्वसाधारणपणे दहा कामगार असतील तरच तिला कारखाना मानले, आणि २०२० च्या श्रमसंहितेने तो आकडा वीसवर नेला. इस्तंबूलच्या ज्या खोल्यांतून अक्सॉय यांना त्यांचे रुग्ण मिळाले, तशा खोल्या अशा व्याख्येत बसत नाहीत.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकांकडे, मग ते शिक्षक असोत, डॉक्टर असोत वा कामठाण्याचे मालक, माझे मागणे थोडके आहे. शिक्षकांनी टोल्युईन आणि बेन्झीन यांचा शरीरातला प्रवास नायट्रीकरणाच्या तासालाच फळ्यावर काढावा. मालकांनी चिकटद्रव्य पुरवणाऱ्याकडून त्यातले घटक लेखी मागावेत आणि बेन्झीन असेल तर तो माल परत करावा. डॉक्टरांनी दमणूक, सारखे येणारे ताप, हिरड्यांतून रक्त, विनाकारण उमटणारे काळेनिळे डाग घेऊन आलेल्या माणसाला आधी त्याचे काम काय ते विचारावे. पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिकांची मोजणी तालुक्याच्या गावीही होते. ती बरोबर आली म्हणजे धोका टळला असे नव्हे, पण ती घसरलेली असेल तर त्या माणसाने त्या दिवसापासून बेन्झीनपासून दूर व्हायला हवे.